जुना प्रोसेसर नव्या ग्राफिक्स कार्डला खरोखर अडवतो का? (आय५-४४६० आणि आरटीएक्स ४०६०)

पंचगंगाकाठ (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

२०१५ साली कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून असेंबल करून आणलेला संगणक आमच्या घरी आजही रोज चालतो. त्यात इंटेलचा कोअर आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ८ जीबीची एकच पट्टी आणि जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड होते. ‘होते’ असे लिहितो, कारण यंदा दिवाळीच्या बोनसमधून, मुलाने वर्षभर लावलेल्या धोशाला शरण जाऊन, मी जुन्या कार्डाच्या जागी ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० बसवून घेतले. एसएसडी दोन वर्षांपूर्वीच टाकली होती. मॉनिटर १०८०पी आणि ६० हर्ट्झचा आहे.

कार्ड बसवताना दुकानदार म्हणाले, “आता दहा वर्षे बघायला नको.” घरी आल्यावर मुलाचा मित्र म्हणाला, “काका, प्रोसेसर बॉटलनेक करणार, म्हणजे कार्डाला अडवून धरणार, तुमचे पैसे पाण्यात गेले.” त्याने एका संकेतस्थळावर दोन्ही भागांची नावे टाकून लाल अक्षरांतली टक्केवारीही दाखवली. प्रत्यक्ष अनुभव या दोघांच्या मधला आहे. फोर्झा होरायझन ५ हा खेळ इतका सुंदर चालतो की मी स्वतः अर्धा तास गाडी फिरवली. सायबरपंक २०७७ मात्र गर्दीच्या बाजारात शिरला की अडखळतो, आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जुन्या कार्डाच्या तुलनेत अपेक्षेएवढा फरक जाणवत नाही. मुलाने दाखवलेल्या आकड्यांत कार्डाचा वापर बहुतेक वेळ ४५ ते ५० टक्के दिसतो, म्हणजे निम्मे कार्ड बसून आहे असे मी समजतो.

मी हिशेबाच्या कामातला माणूस आहे, त्यामुळे मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. प्रोसेसर अडवतो हे ताडून कसे पाहायचे, आणि संपूर्ण संगणक न बदलता काय करता येईल?

कटवडा, शनिवार, रात्री १०.०५

२०१४ चा, चार कोअर आणि चारच थ्रेडचा (म्हणजे एका वेळी चारच कामे चालवणारा) प्रोसेसर आणि २०२३ चे कार्ड ही जोड लावण्यासारखी नाही. तालमीतल्या पोराला हिंदकेसरीसमोर उभे करण्याचा हा प्रकार आहे. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही बदला, विषय संपेल.

गुळव्या, शनिवार, रात्री ११.२०

कटवडा यांचा निष्कर्ष शेवटी बरोबर निघेलही, पण धागाकर्त्यांनी ताडून कसे पाहायचे हे विचारले आहे, आणि त्यासाठी आतले काम समजून घ्यावे लागेल.

माझे माहेर करवीर तालुक्यात आणि घरचे गुऱ्हाळ होते, म्हणून मला हा विषय चरक आणि काहील यांच्या रूपानेच समजतो. चरकात ऊस पिळला जातो, रस काहिलीत (मोठ्या कढईत) पडतो आणि चुलवाणावर आटून त्याचा गूळ होतो. एका हंगामात वडिलांनी काहील मोठी घेतली आणि चुलवाण नवे बांधले, चरक मात्र जुनाच ठेवला. जाळ रसरसलेला, कामाचा माणूस काठावर हात बांधून उभा, आणि काहिलीत रस अजून निम्म्यावरही आलेला नाही, असे दृश्य मी लहानपणी रोज पाहिले आहे. दिवसाची आदणे (गुळाच्या खेपा) पूर्वी होती तेवढीच राहिली, कारण ती किती निघणार हे चरक ठरवत होता.

खेळातही दोन टप्पे असतात. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, प्रोसेसर आधी खेळाचे जग पुढे सरकवतो: कोण कुठे चालले, कोणती गाडी कशाला धडकली, शत्रूने काय ठरवले, आणि पडद्यावर नेमक्या कोणत्या वस्तू काढायच्या आहेत. या सगळ्याची यादी तयार झाली की ती ड्रायव्हरमार्फत (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) कार्डाकडे जाते आणि कार्ड चित्र रंगवते. समजा प्रोसेसरला ही यादी करायला २२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला चित्र काढायला ९. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, म्हणून या दोन वेळांची बेरीज करायची नसते, त्यातला मोठा आकडा घ्यायचा असतो. एका सेकंदाचे १००० मिलिसेकंद भागिले २२ म्हणजे साधारण ४५ फ्रेम. कार्ड एकटे १११ फ्रेम काढू शकले असते, तरी पडद्यावर ४५ च दिसतील, आणि त्याहून महागडे कार्ड लावले तरीही ४५ च राहतील.

आता गंमत अशी की रस जास्त वेळ आटवायचा ठरवला तर चरकाची मंदगती उघडी पडत नाही. रिझोल्यूशन वाढवणे म्हणजे तेच. १०८०पी ऐवजी ४के वर खेळलात तर कार्डाला चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, पण प्रोसेसरची यादी जवळपास तेवढीच राहते. म्हणूनच हाच प्रोसेसर ४के टीव्हीला जोडला तर “काही अडत नाही” असे सांगणारे भेटतात, आणि १०८०पी वर १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेले “सगळे अडते” असे सांगतात. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. तेव्हा अमुक प्रोसेसर आणि अमुक कार्ड एवढ्या दोन नावांवरून टक्केवारी सांगणाऱ्या संकेतस्थळाला तुम्ही कोणता खेळ, कोणत्या रिझोल्यूशनवर, कोणत्या सेटिंगवर खेळता हे ठाऊकच नसते. त्या लाल आकड्याकडे दुर्लक्ष करावे.

तेरावी_गल्ली, रविवार, सकाळी ८.१५

गुळव्याताईंनी पाया घातला आहे, मी मोजमापाचे सांगतो.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर हे मोजमापाचे प्रोग्रॅम बसवा. पडद्याच्या कोपऱ्यात इतक्या गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर, प्रत्येक कोअरचा वेगवेगळा वापर, प्रोसेसरचे तापमान आणि त्याचा चालू वेग, कार्डाची वापरलेली मेमरी, आणि फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा आलेख. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकच एकत्रित आकडा फसवा असतो. चार कोअरांपैकी एकच शंभर टक्के भरलेला असेल आणि बाकीचे त्याची वाट पाहत असतील, तर एकत्रित आकडा २५ च्या आसपास दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे.

कार्डाच्या वापराचा आकडाही फसवा असू शकतो, आणि तुमच्या बाबतीत मला हीच शंका आहे. खेळात व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू असेल तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्ड सेकंदाला ६० फ्रेम काढून थांबते. अशा वेळी कार्डाचा वापर ४५ टक्के दिसणे हे अडवणुकीचे लक्षण नाही. कार्डाला तेवढेच काम सांगितले आहे आणि ते निम्म्या ताकदीत पार पाडत आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आधी व्ही-सिंक आणि फ्रेमवरची इतर सगळी मर्यादा बंद करा. मग एकच ठिकाण, एकच रस्ता ठरवून तो दोनदा चाला: एकदा १०८०पी वर, एकदा ७२०पी वर. रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम भरपूर वाढल्या तर मर्यादा कार्डाची होती. आकडा जागचा हलला नाही तर मर्यादा प्रोसेसरच्या बाजूची आहे. ‘प्रोसेसरच्या बाजूची’ असे मुद्दाम म्हणतो, कारण त्यात रॅम, तापमान आणि मदरबोर्ड हेही येतात.

ही चाचणी करण्याआधी डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करणारी कार्डाची सोय) बंद ठेवा, नाहीतर तुम्ही १०८०पी म्हणता तेव्हा कार्ड आत त्याहून कमी रिझोल्यूशनवर काम करत असेल.

उद्यमनगरी, रविवार, सकाळी १०.३०

मोजमाप होईपर्यंत धागाकर्त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली: ७५० टीआय ६० वॅटचे कार्ड होते, त्याच्या बहुतेक प्रकारांना वेगळी वायर लागत नव्हती. ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि त्यावर सहसा आठ पिनांचा जोड असतो. तुमच्या दहा वर्षांच्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) तो जोड होता का, की दुकानदाराने जुन्या चार पिनांच्या दोन वायरी एकत्र करून कन्व्हर्टर लावला? लावला असेल तर त्या जोडाला खेळ चालू असताना हात लावून पाहा. तो गरम लागला तर संगणक तसाच वापरत राहू नका, आधी एसएमपीएस बदला. तो पुढच्या संगणकातही जाईल, त्यामुळे तो खर्च वाया नाही.

दुसरी: जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’ (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला जोडरस्ता) नावाचा रकाना आहे, तिथे काय दिसते ते इथे लिहा. तुमच्या बोर्डाबद्दल मला शंका आहे.

पंचगंगाकाठ, रविवार, सायंकाळी ७.५०

सर्वांचे आभार. मी आणि मुलगा दुपारपासून वही घेऊन बसलो होतो, ती नोंद देतो.

फोर्झा होरायझन ५: तेरावी_गल्ली यांची शंका खरी ठरली. व्ही-सिंक चालू होते, आकडा ६० वर खिळलेला होता आणि म्हणून कार्ड ४५ टक्क्यांवर होते. म्हणजे ज्या आकड्याने आठवडाभर माझी झोप घालवली तो आजार नव्हताच. या खेळाच्या किमान आवश्यकतांच्या यादीत माझाच आय५-४४६० लिहिलेला आहे, हेही मुलाने शोधून काढले.

सायबरपंक २०७७: व्ही-सिंक आणि डीएलएसएस बंद, तीच गल्ली, तोच बाजार. १०८०पी वर सेकंदाला ३६ ते ४० फ्रेम. ७२०पी वर ३७ ते ४०. चारही कोअर शंभरावर चिकटलेले, कार्ड ५५ च्या आसपास. फ्रेमच्या वेळेचा आलेख मध्येच करवतीच्या दात्यांसारखा वर जातो आणि तेव्हाच चित्र अडखळते. निर्जन रस्त्यावर, शहराबाहेर, हाच खेळ साठच्या पुढे जातो.

काउंटर-स्ट्राइक २: रिझोल्यूशन खाली आणले तरी फरक नाही, म्हणजे इथेही प्रोसेसरच. पण आमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असल्याने त्याच्या पुढचे आकडे आम्हाला कुठे दिसणार?

जीपीयू-झेडमध्ये आधी ‘पीसीआय-ई x८ ४.० @ x८ १.१’ असे दिसले. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून चाचणी चालू केल्यावर शेवटचा आकडा २.० झाला, त्यापुढे गेला नाही.

प्रोसेसरचे तापमान ९६ ते १०० अंश. वेग ३२०० मेगाहर्ट्झ दिसायला हवा, तो मधूनच २४०० वर येतो. हे ठीक आहे का?

एसएमपीएसला कन्व्हर्टरच लावलेला आहे. हात लावल्यावर कोमट वाटला.

उद्यमनगरी, रविवार, रात्री ९.००

तापमानाचे ठीक अजिबात नाही. या पिढीचे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. तुमचा प्रोसेसर जुना आहे हे खरे, पण आत्ता तो स्वतःच्या पूर्ण ताकदीनेही चालत नाही, म्हणजे तुम्ही त्याची परीक्षा तापात घेत आहात. आमच्या शेडमध्ये कास्टिंगच्या लाइनला खोळंबा झाला की आम्ही यंत्र बदलण्याची मागणी करण्याआधी त्याला वंगण आहे का ते पाहतो. कॅबिनेट उघडा.

आता बसचा रकाना. मला हीच शंका होती. प्रोसेसर या रस्त्याची पीसीआय-ई ३.० ही आवृत्ती देऊ शकतो, पण एच८१ हा त्या पिढीतला सर्वांत स्वस्त चिपसेट असल्याने त्यावर कार्डाची खाच २.० लाच बांधलेली असते. शिवाय ४०६० चे कार्ड लांबीने पूर्ण दिसले तरी त्याच्या फक्त आठ मार्गिका जोडलेल्या असतात. ४.० वर आठ मार्गिकांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ३.० वर सुमारे ८ आणि तुमच्याकडे २.० वर सुमारे ४. म्हणजे मूळ रुंदीचा चौथा हिस्सा. (काम नसताना १.१ दिसते ती वीज वाचवण्याची सोय आहे, त्याची चिंता नको.)

हा अरुंद रस्ता रोज जाणवत नाही. खेळाचे सगळे पोत (टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रे) कार्डाच्या ८ जीबी मेमरीत मावत असतील तर रस्त्यावर वर्दळच कमी असते. ते मावले नाहीत की मात्र संगणकाच्या रॅममधून सतत ने-आण सुरू होते, आणि तेव्हा ४.० असलेल्या संगणकावर किंचित ठेच लागते तिथे तुमच्याकडे सरळ अडखळते. म्हणून टेक्स्चरची सेटिंग सर्वांत वरची ठेवू नका, आणि आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची मेमरी काठोकाठ भरू देऊ नका. बाकी सेटिंग खुशाल उंच ठेवा.

पन्हाळा_धुके, रविवार, रात्री ९.४५

सायबरपंकबद्दल एक भर. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० अद्ययावतीनंतर या खेळाने स्वतःच्या किमान आवश्यकता वाढवल्या आणि किमान प्रोसेसर म्हणून कोअर आय७-६७०० मागितला, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड. धागाकर्त्यांचा प्रोसेसर त्या रेषेखाली आहे, त्यामुळे गर्दीत तो कोलमडतो यात आश्चर्य नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये गर्दीची घनता कमी करण्याचा पर्याय आहे, तो सर्वांत खाली आणावा. किरणांचा मागोवा घेणारे रे ट्रेसिंग बंद करावे. लोक त्याला केवळ कार्डाचे ओझे समजतात, पण त्यासाठी दृश्याची जी रचना सतत अद्ययावत ठेवावी लागते तिचा भार प्रोसेसरवरही पडतो. सावल्यांचे अंतर, दूरच्या वस्तूंचे तपशील, रहदारी हे सगळे चरकाच्या बाजूचे. पोत, प्रतिबिंबांचा दर्जा, कडा गुळगुळीत करणे हे बहुतांशी काहिलीच्या बाजूचे.

आणखी एक, कारण ४०६० विकताना हे हमखास सांगितले जाते: “फ्रेम जनरेशन चालू करा, प्रोसेसरचा प्रश्नच मिटतो.” मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करते आणि त्यासाठी प्रोसेसरला विचारत नाही, हे खरे आहे. आकडा वाढतो. पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ मूळ ३८ फ्रेमचाच राहतो, थोडा वाढतोही. शिवाय तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. व्ही-सिंकसह ६० मध्येच बसवायचे तर खऱ्या फ्रेम ३० वर येतील. तुमच्या घरी हा पर्याय बंदच बरा.

कटवडा, रविवार, रात्री १०.१०

मी आधीही हेच म्हटले होते, फक्त तीन ओळींत.

गुळव्या, रविवार, रात्री १०.२५

तीन ओळींत व्ही-सिंक नव्हते, कटवडा.

जुना_बुधवार, सोमवार, दुपारी १.३०

धागा वाचून माझी गोष्ट सांगतो, कारण माझ्याकडे अडवणूक वेगळ्या जातीची होती. माझा आय७-३७७० हा २०१२ चा. चार कोअर, आठ थ्रेड, कागदावर धागाकर्त्यांच्या प्रोसेसरपेक्षा थ्रेड दुप्पट. पण त्या पिढीत एव्हीएक्स२ हा आदेशसंच नाही, तो २०१३ मध्ये हॅसवेलपासून आला. दोन नव्या खेळांनी सुरू होण्यासच नकार दिला. फ्रेम कमी येणे परवडले, इथे तर दारच उघडेना. धागाकर्त्यांच्या आय५-४४६० मध्ये एव्हीएक्स२ आहे, तेवढी चिंता त्यांनी करू नये.

त्यानंतर मी सेकंडहँड रायझन ५ २६०० आणि बी४५० बोर्ड घेतला, आणि गेल्या पावसाळ्यात त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. २०१८ च्या बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर बसतो, एएम४ या रायझनच्या जुळणीची ही मोठी सोय. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच आधी बायॉस (बोर्डाचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करायचा आणि मग प्रोसेसर बदलायचा, हा क्रम चुकवू नये. मी क्रम पाळला, पण वेळ चुकवली. बायॉस ६० टक्क्यांवर असताना आमच्या पेठेत वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे मला त्याच क्षणी समजले. बोर्ड पुन्हा जिवंत करायला चिप काढून वेगळ्या यंत्रावर लिहून आणावी लागली, चार दिवस गेले. पावसाळ्यात बायॉसला हात लावणाऱ्याने आधी यूपीएसचा प्लग काढून तो भार धरतो का ते पाहावे.

तेरावी_गल्ली, सोमवार, दुपारी ३.००

या निमित्ताने, अजून कार्ड न घेतलेल्यांसाठी लिहून ठेवतो. जुन्या प्रोसेसरवर सगळी कार्डे सारखी वागत नाहीत, कारण ड्रायव्हरचे कामही प्रोसेसरच करतो. डायरेक्टएक्स १२ च्या काही खेळांत, कमकुवत प्रोसेसरवर, एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर एएमडीच्या रेडिऑनपेक्षा जास्त भार टाकतो, हे २०२१ पासून अनेक चाचण्यांत दिसले आहे. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा नव्या प्रोसेसरवर त्याचे फार कौतुक झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिल्यावर तेच कार्ड बरेच मागे पडले. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोयही लागते, जी इंटेलच्या दहाव्या पिढीआधीच्या बोर्डांवर अधिकृतपणे नाही. आय५-४४६० च्या शेजारी ते कार्ड मी कोणालाही घेऊ देणार नाही. ४०६० घेतलेत ते त्यामानाने बरे.

पंचगंगाकाठ, मंगळवार, रात्री ९.१५

आज कॅबिनेट उघडले. आत जे दिसले ते सांगायला थोडी लाज वाटते.

प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, धुळीचा नमदा बसला होता. तो ब्रशने न निघता अक्षरशः चिमटीत धरून सोलून निघाला. आमचे घर शिरोलीच्या बाजूला आहे, हवेतच फाउंड्रीची काळी बारीक धूळ असते, तिच्यात लोखंड असावे असे मुलाला वाटते कारण ब्रश काळा-करडा झाला. पण खरी गोष्ट पुढे आहे. इंटेलच्या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या मदरबोर्डाच्या छिद्रांत दाबून टक् असा आवाज येईपर्यंत बसवायच्या असतात. त्यातली रॅमच्या बाजूची एक खुंटी बसलेलीच नव्हती. पंखा त्या कोपऱ्यात नखभर उचललेला होता. कार्ड बसवताना कोणाचा हात लागला की ती कित्येक वर्षे तशीच होती, हे आता कळायला मार्ग नाही. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. नवी पेस्ट लावली, बोर्ड बाहेर काढून चारही खुंट्या मागच्या बाजूने उमललेल्या पाहिल्या, मगच परत जोडले.

तापमान आता ६८ ते ७२. वेग ३२०० वर स्थिर, कधी त्याच्या वर. सायबरपंकमध्ये त्याच बाजारात ४३ ते ४६. गर्दीची घनता कमी केल्यावर ५० च्या आसपास. अडखळणे कमी झाले आहे, गेलेले नाही. ७२०पी ची चाचणी परत केली, आकडा तोच. म्हणजे प्रोसेसर अडवतो आहेच, पण आता तो स्वतःच्या ताकदीने अडवतो आहे, तापामुळे नाही.

आता प्रश्न पैशांचा. सेकंडहँड आय७-४७९० घेऊन याच बोर्डावर बसवावा की नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम घ्यावी?

उद्यमनगरी, मंगळवार, रात्री १०.००

त्या दोन्हीच्या आधी एक तिसरी गोष्ट आहे आणि ती सर्वांत स्वस्त आहे. तुमच्याकडे रॅमची एकच पट्टी आहे. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी प्रोसेसरला सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन पट्ट्या दोन खाचांत लावल्या की २५.६. एच८१ वर खाचा दोनच असतात आणि १६ जीबी ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ८ ची आणखी एक पट्टी लावली की तुमच्या बोर्डाचे पोट भरले. चारही कोअर कामाला लागलेले असताना त्यांना माहिती पुरवणारा रस्ता निम्मा ठेवणे हा शुद्ध तोटा आहे. शिवाय आजच्या खेळांना विंडोजसह ८ जीबी पुरत नाही आणि मग एसएसडीवर अदलाबदल सुरू होते. तुमच्या उरलेल्या अडखळण्याचा काही भाग मला तिथलाच वाटतो.

कटवडा, मंगळवार, रात्री १०.२०

रॅमला माझा विरोध नाही. आय७-४७९० ला आहे. तो धागाकर्त्यांना चार थ्रेड जास्त देईल, थोडा वेग जास्त देईल आणि सायबरपंकच्या गर्दीत त्याचा फायदा दिसेल, हे मान्य. पण तो २०१४ चा आहे. पीसीआय-ई २.० तसेच राहणार, डीडीआर३ तशीच राहणार. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, म्हणजे आय७ घेऊनही तुम्ही त्या रेषेच्या याच बाजूला उभे राहाल. काही ऑनलाइन खेळ आता सिक्युअर बूट आणि टीपीएम या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला बॅटलफील्ड ६ मागतोच. मुलगा उद्या तो मागणार.

गुळव्या, मंगळवार, रात्री १०.५०

या वेळी मी कटवडा यांच्या बाजूने आहे, फक्त घाई नको असे म्हणेन. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे नव्या बोर्डासोबत घ्यावी लागणारी डीडीआर४ ऐन महागाईत पडेल. आय३-१२१०० एफ सारखा साधा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा प्रोसेसरही प्रत्येक कोअरच्या ताकदीत आय५-४४६० च्या फार पुढे आहे, आणि १०८०पी व ६० हर्ट्झ एवढ्याच गरजेला तो ४०६० सोबत शोभून दिसेल. रायझन ५ ५६०० मिळाला तर सहा कोअर हाती येतात, पण त्यासोबत ए५२० ऐवजी बी५५० बोर्ड घ्यावा, कारण पीसीआय-ई ४.० तिथे मिळते. धागाकर्त्यांचे कार्ड आठच मार्गिकांचे आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी हा फरक नावापुरता नाही.

तोपर्यंत एक साधा उपाय करा. प्रोसेसर गर्दीतही सातत्याने जेवढे देऊ शकतो त्याच्या किंचित खाली, म्हणजे ४० वर, रिव्हाट्यूनरमधून फ्रेमची मर्यादा घाला आणि व्ही-सिंक बंद ठेवा. ५८ वरून एकदम ४१ वर आपटण्यापेक्षा सलग ४० डोळ्याला पुष्कळ सुसह्य असतात. प्रोसेसरलाही फ्रेमच्या मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते, आणि करवतीचे दाते बोथट होतात.

पंचगंगाकाठ, शुक्रवार, रात्री ८.३०

आकडे देऊन धागा माझ्याकडून थांबवतो.

८ जीबीची वापरलेली पट्टी शाहूपुरीत मिळाली. दुकानात लावून, मेमरीची चाचणी पूर्ण होईपर्यंत पाऊण तास थांबून, मगच पैसे दिले. दोन पट्ट्यांवर बाजारात ४८ ते ५२, आणि फ्रेमच्या वेळेचा आलेख बराच सपाट झाला आहे. मर्यादा मुलाने ४५ वर ठेवली आहे, ४० त्याला मान्य नाही. टेक्स्चर एक पायरी खाली आणले, तो फरक आम्हा दोघांनाही ओळखता आला नाही.

एसएमपीएस नवा घेतला, कन्व्हर्टर काढून टाकला. त्याच्या एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक पिवळे पडले होते.

आय७-४७९० चा विचार सोडला. बोर्ड आणि प्रोसेसर रॅमचे भाव उतरल्यावर घेऊ, बहुधा मुलाची परीक्षा झाल्यावर, आणि कार्ड व एसएमपीएस उचलून तिकडे लावू. तोवर बॅटलफील्डचे नाव घरात काढायचे नाही असा करार झाला आहे.

तेरावी_गल्ली, जुने ७५० टीआय आणि त्याचा डबा माझ्याकडे पडून आहे. तुमच्या ओळखीत कोणाच्या मुलाला अभ्यासाच्या संगणकासाठी हवे असेल तर व्यक्तिगत संदेश करा. वेगळी वायर लागत नाही आणि पंखा मी साफ केलेला आहे.